नऊ तासांचं सोवळं

पहिल्यांदा झालं तेव्हा मी भांडत होते. त्यात नवल काही नाही, दिवसातून एकदा भांडल्याशिवाय मला जेवण पचत नाही. समोर दूधवाला होता. "भिया, ये दूध है कि नर्मदा का पानी?" असं मी त्याला विचारत होते, आवाज चांगला तापला होता, आणि वाक्य संपायच्या आत माझा परकर ओला झाला. लागली नव्हती, कळ आली नव्हती, कसली सूचनाच नव्हती. मी पातेलं उचललं आणि दार लावून आत आले. दूधवाल्याला वाटलं, तो जिंकला. दुसऱ्या दिवसापासून त्याने आणखी पाणी घालायला सुरुवात केली.

तेव्हा मी साठीला आले होते. टोंकखुर्दच्या सरकारी शाळेत मुलं हाकून नुकतीच निवृत्त झाले होते. देवासला आमचं घर. नवरा विद्युत मंडळातून आधीच निवृत्त, मुलगा पीथमपूरला कारखान्यात, तो शनिवारी येतो, आणि सून आमच्याजवळ राहून इथल्याच बँकेत जाते. एवढ्या माणसांत गुपित ठेवायला जागा नसते, पण बाईने मनावर घेतलं की ती कुठेही जागा काढते. मी गडद साड्या नेसायला लागले. सोफ्यावर बसणं सोडलं आणि पाठ दुखते म्हणून प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागले. परकर दिवसातून तीनदा धुवायचे आणि कोणी विचारलं तर उकाडा आहे म्हणायचे. डिसेंबरातसुद्धा आमच्याकडे उकाडाच होता. पाणी पिणं निम्म्यावर आणलं, तरी गळायचं ते गळायचंच. मला इतका संताप यायचा, की न्हाणीघरात उभी राहून मी स्वतःच्या पोटाला शिव्या दिल्या आहेत. मास्तरणीच्या शिव्या, म्हणजे निर्लज्ज आणि बेशिस्त. त्यापुढे माझी मजल जात नाही.

डॉक्टरकडे का गेले नाही? लाज होतीच, पण खरं कारण धारला होतं.

धारला आमच्या सासरच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. नवऱ्याचे आजोबा धार संस्थानात नोकरीला होते. संस्थान गेलं, मान गेला, आमच्या पोरांची मराठीही अर्धीमुर्धी गेली, पण महालक्ष्म्यांचं सोवळं तसूभर हललं नाही. थोरल्या जाऊबाई ते घर सांभाळतात. मात्र दुसऱ्या दिवशीचा नैवेद्याचा सगळा स्वयंपाक, पुरण, सोळा भाज्या, वडे, आंबील, गेली चौतीस वर्षं माझ्या हातचा. सासूबाईंनी थोरलीला डावलून तो मला दिला होता. एरवी त्या घरात मी कोण? नोकरी करणारी म्हणून आखडू, देवासला राहणारी म्हणून बाहेरची. पण त्या एका दिवशी मी शेगडीपुढे बसले की कोणी माझ्यापुढे अवाक्षर काढत नसे. त्या घरातली माझी म्हणावी अशी तेवढी एकच जागा होती, आणि जिला लघवी आवरत नाही तिला सोवळ्यात कोण घेणार? डॉक्टरने एकदा दुखण्याला नाव दिलं की ते धारला पोचायला एक फोन पुरे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून मी आठ महिने काढले.

मूठ सुनेने उघडली. एके दिवशी बँकेतून आली, पर्स ठेवली आणि म्हणाली, "आई, अपॉइंटमेंट घेतली आहे. शनिवारी अकरा वाजता."

"कोणाची?"

"तुमची. मूत्ररोगाचे डॉक्टर आहेत, अच्छे हैं."

"तुला कोणी सांगितलं होतं?"

"दोरीवरचे परकर सांगतात ना, आई."

मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी, तिच्या डॉक्टरची मला गरज नाही हे दाखवायला, मी एकटीच आमच्या गल्लीतल्या एका डॉक्टरकडे गेले. त्याने मला हात लावला नाही, तपासलं नाही, खुर्चीवरून उठलासुद्धा नाही. "उमर हो गई है," एवढं निदान करून त्याने लघवी थांबवायच्या गोळ्या लिहून दिल्या. आठ दिवस घेतल्या. तोंड कोरडं पडलं, पोट साफ होईना, ओटीपोट दगडासारखं टणक झालं आणि गळणं थांबायचं सोडून दुप्पट वाढलं. पहिली अपॉइंटमेंट मी माजोरडेपणाने चुकवली होती, म्हणून सुनेने दुसरी घेतली. 'मी म्हटलं होतं ना' असं ती एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

दवाखान्यात सगळे पुरुष. धोतरातले, पँटीतले, नळीला पिशवी लावलेले, आणि सगळे माझ्याकडे बघताहेत. शेजारी एकाची बायको बसली होती. तिने चौकशी केली, "किसको दिखाना है?" मी एका क्षणाचाही विचार न करता सुनेकडे बोट दाखवलं. "इसको." त्या बाईने सुनेकडे दयेने पाहिलं आणि जवाचं पाणी प्यायला सांगितलं. सून म्हणाली, "जी." मग खाली मान घालून फोन बघत बसली. मला शरम वाटली, पण ती शरमसुद्धा मी तिच्यावरच काढली. म्हटलं, सरळ बस, कुबड काढू नकोस.

डॉक्टर माझ्या मुलाच्या वयाचा. "बोलिए माताजी, क्या तकलीफ़ है?"

"माताजी टेकरी पर हैं," मी म्हटलं, कारण देवासला माताजी म्हणजे टेकडीवरची देवी. "मैं रिटायर्ड टीचर हूँ."

तो हसला आणि मॅडम म्हणू लागला. तेवढं त्याचं मला बरं वाटलं. बाकी काही बरं नव्हतं. खोकल्यावर येते का, शिंकल्यावर येते का, हसल्यावर येते का, एकामागून एक प्रश्न.

"हँसती नहीं हूँ," मी म्हटलं.

"चिल्लाने पर?"

सून म्हणाली, "हाँ."

बाळंतपणं किती, शुगर आहे का, पाठीचं काही दुखणं, पायांना मुंग्या येतात का. मग टेबलावर झोपवून त्याने ओटीपोट दाबलं, बोटांनी ठोकून पाहिलं, आणि शेवटचं कधी गेला होतात म्हणून विचारलं. घरून निघताना, असं मी सांगितलं. ते खोटं होतं. सकाळी पाचनंतर मी गेलेच नव्हते. त्याने एक कागद आणि प्लास्टिकचा मापाचा जग दिला. तीन दिवस, किती वाजता किती पाणी प्यायले, किती वाजता किती लघवी झाली, कधी गळलं, सगळं लिहायचं. काही न मोजता, मनाने लिहायचं नाही, असंही बजावलं.

आता मास्तरणीला तुम्ही तक्ता भरायला देता, म्हणजे काय होणार? बत्तीस वर्षं मी शाळेची दैनंदिनी आठवड्याची एकदम, शनिवारी दुपारी भरली आहे. कोणत्या तासाला काय शिकवलं ते शिकवण्याआधीच लिहून ठेवलं आहे, आणि आलेल्या प्रत्येक इन्स्पेक्टरने त्यावर सही केली आहे. हा तक्ताही मी तसाच भरला. सुवाच्य अक्षर, दर दोन-अडीच तासांनी एक लघवी, गळणं एकदाच, तेही थोडं. जग कोरडा ठणठणीत. सुनेने विचारलं, "आई, सच-सच लिहिलंय ना?" मी म्हटलं, मला लिहायला शिकवू नकोस.

डॉक्टरने कागद घेतला, बेरीज केली आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, तीन दिन में पिया ढाई लीटर, निकला साढ़े पाँच लीटर. कुआँ है क्या अंदर?"

मी पदर सारखा केला.

"ऐसी कॉपी को आप कितने नंबर देतीं?"

"ज़ीरो," मी म्हटलं. खरं ते सांगायलाच हवं होतं.

"तो फिर से," तो म्हणाला आणि नवा कागद दिला. माझा चेहरा जळत होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या वह्या परत फेकल्या, माझी कोणी फेकली नव्हती. बाहेर येऊन मी सुनेला म्हटलं, हा मनुष्य उर्मट आहे. ती म्हणाली, "हो आई," आणि रिक्षा थांबवली.

दुसऱ्या वेळी मी खरं लिहिलं. जग हातात घेऊन न्हाणीघरात उकिडवी बसताना मला जगातल्या प्रत्येक माणसाचा राग येत होता, नवऱ्याचा सर्वांत जास्त, कारण तो बाहेर मोठ्याने पेपर वाचत होता. पण लिहिलं. आणि ते लिहिलेलं पाहून डॉक्टरने भुवया वर केल्या. "सुबह पाँच बजे. फिर दोपहर दो बजे. बीच में?"

"बीच में कुछ नहीं."

"नौ घंटे?"

"आदत है."

त्याने आणखी तपासण्या लिहिल्या. पहिलीत भरपूर पाणी पिऊन, लघवी साठवून एका खुर्चीवर बसायचं. खुर्चीला मधोमध भोक, खाली नरसाळं आणि नरसाळ्याखाली धार किती जोरात येते ते मोजणारं यंत्र. नर्सने दार ओढून घेतलं आणि दाराबाहेरच उभी राहिली. "हुआ, आंटी?" दर मिनिटाला तेच. वर्गाबाहेर उभी राहून पोरांना मी 'झालं का रे?' असं विचारायचे, ते किती दुष्टपणाचं होतं ते तिथे कळलं. शेवटी थोडी आली, थांबली, पुन्हा ठिबकली. मला वाटलं, सगळी झाली. मग तिने पोटावर थंड जेली लावून यंत्र फिरवलं. साडेचारशे मिलिलिटर आतच होती. नर्सने आकडा दोनदा वाचला आणि डॉक्टरला बोलावलं.

दुसरी तपासणी आठवली की अजून माझी कानशिलं तापतात. बारीक नळी घालून आत हळूहळू पाणी सोडतात. "पहली बार लगे तब बोलना," नर्स म्हणाली. मी छताकडे पाहत पडून राहिले. शंभर झालं, दोनशे झालं, नर्स विचारत होती, मी नाही म्हणत होते. तीनशे, चारशे. खोटं सांगते असं वाटू नये म्हणून मी मन लावून वाट पाहत होते, पण मला खरंच काही वाटत नव्हतं. पाचशेच्या पुढे गेल्यावर डॉक्टरने हात वर करून थांबवलं. "अब भी नहीं लगी?"

"नहीं," मी म्हटलं. आणि खरं सांगते, मी ते अभिमानाने म्हटलं. मला वाटलं, मी पास झाले.

त्याने सगळे कागद समोर मांडले. सुनेला माझ्या शेजारची खुर्ची दिली. शुगर नाही, पाठीचा कणा ठीक. मग म्हणाला, "मॅडम, आप सोच रही हैं कि आपसे रुकती नहीं. उल्टा है. आपकी निकलती नहीं. थैली खिंच-खिंच के ढीली हो गई है, भरने का पता ही नहीं चलता. टंकी भर जाए तो ऊपर से गिरता है न, वही गिर रहा है." गल्लीतल्या डॉक्टरच्या गोळ्या तर आगीत तेल होत्या, त्या लगेच बंद. आणि हे असंच चाललं तर किडन्यांवर जाईल. कागदावर त्याने इंग्रजीत एक लांबलचक नाव लिहिलं. आठ महिने मी ज्या नावाला भीत होते ते हे. वाचून मला काही बोध झाला नाही.

"लेकिन इतने घंटे रोकती क्यों थीं?"

मी म्हटलं, शाळा. हे खरंच होतं. टोंकखुर्दला बायकांसाठी संडास होता, त्याला कुलूप होतं, आणि ते कुलूप फक्त इन्स्पेक्शनच्या दिवशी निघत असे. सकाळी पाचला घरी, मग बस, मग शाळा, मग बस, की दोन-अडीचला घरी. पण शाळेला रविवार असतो, सुट्ट्या असतात. मी सुट्टीतही धरत होते. त्या खुर्चीवर बसून मला पहिल्यांदा उमगलं, की मी धरत होते कारण धरणं हा माझा गुण होता.

लग्नानंतरच्या पहिल्या महालक्ष्म्या. पहाटे अंघोळ करून, आदल्या दिवशी धुऊन उंच दांडीवर वाळवलेलं, कोणाचा हात न लागलेलं सोवळ्याचं लुगडं नेसायचं आणि नैवेद्य दाखवेपर्यंत त्यातच स्वयंपाक करायचा. मध्ये संडासला किंवा मोरीत गेलं की सोवळं मोडलं. पुन्हा अंघोळ, पुन्हा दुसरं वाळलेलं लुगडं, आणि भाद्रपदात वाळलेलं दुसरं लुगडं असतं कुठे? थोरल्या जाऊबाईंना तासा-दोन तासांनी उठावं लागे. सासूबाई कपाळाला आठी घालत. मी मात्र पहाटे पाचला बसले ती दुपारी दोनला नैवेद्य झाल्यावरच उठले. सासूबाई सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "बघा, हिला म्हणतात धारणा." पुढच्या वर्षीपासून शेगडी माझी. पुरण जाऊबाई माझ्यापेक्षा चांगलं करतात, हे सासूबाईंना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मला ती जागा माझ्या हाताच्या चवीने मिळालीच नव्हती.

डॉक्टरला यातलं अर्धं सांगितलं. तो या भागातलाच असावा, त्याला बाकीचं कळलं. सून टेबलाच्या काचेखालचा कागद बघत होती. इलाज असा निघाला: लागो वा न लागो, दर तीन तासांनी घड्याळ लावून जायचं, एकदा झाली की थोडं थांबून पुन्हा बसायचं आणि सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या हाताने बारीक नळी घालून उरलेली काढायची. नर्सने आरसा धरून शिकवलं. साठाव्या वर्षी लघवीला बसायला शिकवणारी शिक्षिका मिळाली आणि मी तिच्यावरही खेकसले.

निघताना मी विचारलं, "एक दिन छूट जाए तो? साल में एक ही दिन है."

"एक-एक दिन करके ही यहाँ तक आई हैं, मॅडम."

सासूबाई आता नाहीत, नाहीतर मी त्यांच्याशी भांडले असते. त्यांच्या तसबिरीशी भांडून पाहिलं, मजा आली नाही. महालक्ष्म्यांना पंधरा दिवस होते. नवरा म्हणाला, तब्येत बरी नाही म्हणून कळवू, कशाला चर्चा. मी म्हटलं, तब्येत माझी आहे, मी जाणार, सोवळ्यात बसणार आणि तीन तासांनी उठून पुन्हा अंघोळ करून बसणार. दोन लुगडी घेईन. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती, पण ती जागा सोडायची माझी तयारी नव्हती.

धारला आदल्या दिवशीच पोचलो. मी दोन्ही लुगडी धुऊन दांडीवर टाकली. पावसाची झड लागली होती. पहाटे एक जेमतेम वाळलं होतं, दुसरं पिळलं तर पाणी निघेल असं. मी वाळलेलं नेसले आणि बसले. पुरण शिजायला घातलं, भाज्या चिरल्या. सून सोवळ्यात, जाऊबाईंचं एकुलतं रेशमी नेसून, माझ्या हाताखाली होती. तिच्या बाहेर ठेवलेल्या फोनचा गजर आठ वाजता वाजला. मी उठले.

"कुठे निघालीस?" जाऊबाई दारातून म्हणाल्या. स्वयंपाकघरात आणखी तीन-चार नातेवाईक बायका होत्या.

"लघवीला."

जणू काही मी शिवी दिली. एकीने हातातली परात खाली ठेवली. मग जाऊबाई म्हणाल्या, "आणि लुगडं? दुसरं तर ओलंच आहे. दोनला नैवेद्य आहे, धाकटे. यंदाच कशी गं लागली तुला?" चौतीस वर्षांची आठी त्यांच्या कपाळावर एकदम उमटली. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मी असते तर याहून जास्त बोलले असते.

"डॉक्टरने सांगितलंय," मी म्हटलं. "मला आजार आहे. मूत्राशय निकामी झालंय, धरून धरून."

"मग बाहेर बस बाई," त्या म्हणाल्या, आणि सुनेकडे वळल्या. "तू सरक पुढे. पुरण तू घे."

इतकं सोपं होतं ते. एका वाक्यात संपलं. मी जाऊन आले, साधी साडी नेसले आणि उंबऱ्याबाहेर पाटावर बसले. तिथून आतलं सगळं दिसत होतं. मला रडू येत नव्हतं, राग येत होता. कोणीतरी माझ्याकडे बघावं आणि मी त्याला फाडून खावं असं वाटत होतं, पण कोणी बघत नव्हतं. सून पुरण घोटत होती. चांगलं घोटत होती. वडे थापले, एकही फाटला नाही. जाऊबाई म्हणाल्या, "हात बसलाय गं हिचा," आणि सुनेचा चेहरा असा उजळला, की मला तिचाही मत्सर वाटला.

एकच्या सुमाराला मी तिचे पाय पाहिले. ती एका पायाचा तळवा दुसऱ्या पायाच्या घोट्यावर घासत होती, मग गुडघे जुळवून उभी राहत होती, मग पुन्हा तेच. कढईतून नजर न काढता. ते पाय मला ओळखीचे होते.

"ए," मी म्हटलं. "किती वाजता गेली होतीस?"

"पहाटे. आई, आता नको ना, वडे जळतील."

"लागली आहे ना तुला?"

ती हळूच हसली. "रोकून ठेवलीय. होता है. तुम्हीच शिकवलंय ना."

शिकवलं होतं. चार वर्षांपूर्वी, तिच्या पहिल्या महालक्ष्म्यांत, ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली होती, आई, मला जायचंय. मी म्हटलं होतं, जरा धर, बाईच्या जातीला धरता आलं पाहिजे. तिने धरलं. आणि नैवेद्यानंतर सगळ्या बायकांसमोर मी तिच्या पाठीवर हात ठेवून तिचं कौतुक केलं होतं, अगदी सासूबाईंच्या आवाजात. डॉक्टरच्या खोलीत, माझी थैली कशी ढिली झाली ते ऐकताना, तिने टेबलाच्या काचेखालचा कागद का वाचत बसावं, ते मला तेव्हा कळलं नव्हतं. मी सासूबाईंवर संतापले, शाळेवर संतापले, त्या गल्लीतल्या डॉक्टरवर संतापले, आणि हे मला आठवलंसुद्धा नव्हतं.

"जा," मी म्हटलं. "आत्ता जा."

"आई, एक तास. बस, एक तास."

"तिला त्रास देऊ नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "ती करतेय ना सगळं."

मी पाटावरून उठले, उंबरा ओलांडला आणि तशीच ओवळी, पारोश्या हातांनी, सुनेचा दंड धरला. घट्ट धरला. नंतर कोणाला म्हणता येऊ नये की चुकून लागला.

जाऊबाई किंचाळल्या. कोणीतरी महालक्ष्म्यांचं नाव घेतलं. सुनेने झारा कढईत टाकला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते कृतज्ञतेचं नव्हतं. "आई, हे काय केलंत!" ती ओरडली. ती माझ्यावर कधीच ओरडली नव्हती. "पहिल्यांदा मला बसवलं होतं! पहली बार!"

"आता मोडलंच आहे सोवळं," मी म्हटलं. "जा."

तिने माझा हात झटकला, मागच्या दाराने निघाली आणि न्हाणीघराचं दार धाडकन लावून घेतलं. मी तिच्या मागे जाऊन दाराबाहेर उभी राहिले. स्वयंपाकघरातून जाऊबाई मला जे बोलत होत्या ते गल्लीला ऐकू जात होतं. मी दाराला कान लावून ऐकत होते. ती धार माझ्यासारखी अडखळली नाही, आणि लवकर थांबलीही नाही.